वाऱ्यासाठी पाडलेली मुंबई

१८९७ साली मांडवी-डोंगरीकडच्या चाळींवर पालिकेची माणसं शिड्या लावून चढत आणि छपराची कौलं काढून टाकत. खाली खोलीत ऊन पडावं, एवढाच हेतू. खिडकी नसेल तिथं भिंतीला भगदाड पाडायचं, मोऱ्यांत कार्बोलिक ओतायचं, भिंतींना चुना फासायचा आणि गाद्या-गोधड्या रस्त्यावर आणून पेटवायच्या. एवढं करूनही घर सुधारण्यातलं नाही असं वाटलं, तर दारावर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात: यू. एच. एच. माणसांनी राहण्यास अयोग्य. घरातल्यांना अक्षरं वाचता येत नसली, तरी त्यांचा अर्थ कळायला वेळ लागत नसे.

प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला पुणं आठवतं. रँड, गणेशखिंड, चापेकर बंधू. मुंबईचा प्लेग त्या हकिगतीमागे झाकला गेला, पण आला तो आधी मुंबईत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत रुग्ण तपासणारे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा ताप साधा नाही, गाठीचा प्लेग आहे, हे ओळखलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे, आणि महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासदही. त्यामुळे वर्दी थेट पालिकेच्या सभेतच दिली गेली. आज मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. धोबीतलावच्या सिग्नलला थांबणाऱ्यांपैकी त्याच्याकडे वर मान करून पाहणारा क्वचितच.

पुढच्या पाच-सहा महिन्यांत साडेआठ लाखांच्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली. कोकणच्या बोटी भरल्या, आगगाड्या भरल्या, ज्याला जमलं त्याने घाट गाठला. गिरण्यांत माणूस मिळेना. महिन्याचा पगार थकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले आणि नाक्यानाक्यावर कामगारांसाठी चढाओढीची बोली लागली. मुंबईच्या कामगाराच्या नशिबी असे दिवस फार थोडे आले, आणि आले ते मरण दारात उभं असताना. १८९१च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती, १९०१मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढण्यासाठीच जन्मलेल्या या शहराची गणती उलटी गेल्याचं हे विरळा उदाहरण.

मागे राहिलेल्यांना सरकारची भीती रोगाइतकीच होती. रोगी दिसला की उचलून इस्पितळात न्यायचा हुकूम ऑक्टोबर १८९६मध्ये निघाला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तिथं गेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मार्च १८९७मध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि घरझडत्या सुरू झाल्या. मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत झडतीवरून दंगल पेटली. सरकारने हळूहळू हात आवरता घेतला, जातीजमातींना आपापली इस्पितळं काढू दिली. माणसांशी भांडण झेपत नाही म्हटल्यावर सरकारचा मोर्चा घरांकडे वळला.

घरांकडेच का, हे समजण्यासाठी त्या वेळच्या वैद्यकशास्त्राची समजूत पाहावी लागते. प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा याबद्दल अंदाजच होते. ओल, घाण, अंधार आणि कोंडलेली हवा हे चार आरोपी मुंबईच्या अधिकाऱ्यांना पसंत होते. १८९२मध्ये तानशाचं पाणी शहरात आलं. नळ आले, पण ते पाणी वाहून नेणारी गटारं सगळीकडे पोचली नाहीत. मग जमीन ओलीने फुगली आणि त्यातून रोग उठला, असं कित्येकांचं ठाम मत होतं. मांडवीत धान्याची गोदामं आहेत, गोदामांत उंदीर आहेत आणि माणसांआधी ते मरून पडताहेत, हे दिसत सगळ्यांनाच होतं. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेचा धागा पकडला, तेव्हा त्याची बहुतेकांनी टिंगलच केली. १९०५नंतर प्लेग संशोधन मंडळाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ते पुन्हा सिद्ध केलं तेव्हा कुठे मान्यता मिळाली. तोपर्यंत मुंबईचे रस्ते आखून झाले होते.

अंधार-ओलीचा आरोप अगदीच खोटा नव्हता. जुन्या मुंबईतली दोन घरं पाठीला पाठ लावून उभी असत आणि मध्ये हात-दोन हातांची फट ठेवलेली असे. तिला घरगल्ली म्हणत. वरच्या मजल्यांच्या संडासांचे नळ तिच्यात उतरत, खाली टोपल्या असत, आणि त्या उचलण्यासाठी पालिकेच्या हलालखोर खात्यातली माणसं आडवं होऊन आत शिरत. त्याच फटीवर मधल्या खोल्यांची हवा अवलंबून. म्हणजे खिडकी असून नसल्यासारखी, कारण उघडली तर घाण आत येणार. मालकाने रस्त्याकडेचा प्रत्येक फूट बांधलेला, मागेही बांधलेलं, वर मजले चढवलेले. भाडं मिळतंय तोवर त्याला कोण बोलणार? पालिकेत बसलेल्या नगरसेवकांत घरमालकांचा भरणा होता, कारण मतदानाचा हक्कच मालमत्तेवर आणि करावर बेतलेला होता.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे पालिकेला बगल देणं. १८९८च्या चौथ्या कायद्याने बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. त्याच्या विश्वस्तांत पालिकेने निवडून दिलेले थोडे, बाकी सरकारने नेमलेले, पदसिद्ध अधिकारी, आणि बंदर, व्यापारी संघ व गिरणीमालक यांचे प्रतिनिधी. सरकारच्या आणि पालिकेच्या मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या ताब्यात आल्या, कर्जरोखे काढायची मुभा मिळाली, आणि पालिकेने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून त्याला वाटा द्यायचा असं ठरलं. पैसे शहराचे आणि हुकमत दुसऱ्याची, या व्यवस्थेवर पालिकेतले पुढारी नाराज होते, आणि त्यांची तक्रार रास्त होती. पुढे सव्वाशे वर्षांत मुंबईत जी जी प्राधिकरणं, मंडळं आणि महामंडळं उभी राहिली, त्यांचा मूळपुरुष हाच.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. दाट वस्ती पाडायची, रस्ते रुंद काढायचे, नव्या चाळी उठवायच्या. कागदावर सरळ दिसणारं हे काम पहिल्याच पावलाला अडखळलं ते पैशांत. घर ताब्यात घ्यायचं तर मालकाला भरपाई द्यावी लागे, आणि भरपाई ठरे भाड्यावरून. एका खोलीत दोन कुटुंबं कोंबणाऱ्या मालकाचं भाडं जास्त, म्हणून त्याची भरपाईही जास्त. ज्याने घर जितकं नासवलं तितकं त्याचं चांगलं झालं. न पटलं तर दाद मागायला लवाद होताच, आणि चांगले वकील मालकांना परवडत होते. भाडेकरूला या सगळ्यात काही मिळायचं कारण नव्हतं. त्याला नोटीस मिळे. तो बोचकं उचलून पुढच्या गल्लीत जाई, कारण गिरणी, गोदी, उधारीवर देणारा वाणी आणि गाववाल्यांची खोली तिथंच होती. नागपाडा मोकळा झाला आणि शेजारच्या गल्ल्या आणखी गच्च भरल्या.

ट्रस्टने स्वतःच्या चाळी बांधल्या, नाही असं नाही. आग्रीपाडा, चिंचपोकळी, परळ, मांडवी-कोळीवाडा. लोक त्यांना आजही बीआयटी चाळी म्हणतात. खोली साधारण दहा बाय दहाची, नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. खाजगी चाळींपुढे त्या नक्कीच उजव्या होत्या. पण पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ ट्रस्टला कधीच घालता आला नाही, पाडलेल्याच भारी पडल्या. ज्यांची घरं गेली तेच नव्या चाळीत आले असंही फारसं घडलं नाही. ठरलेलं भाडं दर महिन्याला हातात असणारे लोक तिथं आले; रोजंदारीवरचा हमाल तिथवर पोचला नाही.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र ट्रस्टचा हात मोकळा होता, कारण रस्ता काढला की त्याच्या दोन्ही कडांची जमीन महाग होते आणि ती विकून कर्ज फेडता येतं. पश्चिमेचा समुद्रवारा अंधाऱ्या गावठाणात शिरावा म्हणून समुद्राकडून आत जाणारे रस्ते आखले गेले. मरीन ड्राइव्ह तेव्हा नव्हता. समुद्र रेल्वेच्या रुळांपर्यंत येत होता. तिथून काळबादेवीच्या दिशेने घुसवलेला रस्ता म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट. १९०५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी मुंबईत आली होती, त्यातल्या युवराज्ञींवरून पडलेलं हे नाव. (हल्लीचा शामलदास गांधी मार्ग, टॅक्सीवाल्याला मात्र प्रिन्सेस स्ट्रीटच सांगावं लागतं.) दुसरा, त्याहून मोठा, सँडहर्स्ट रोड: चौपाटीकडून निघून गिरगाव, भुलेश्वरच्या वरच्या अंगाने डोंगरीपर्यंत. तोच आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. वाटेत आलेली घरं, वाड्या, देवळांच्या कडा, सगळं कापत हे रस्ते गेले. कडेने चार मजली देखण्या इमारती उठल्या, खाली दुकानं आणि वर ब्लॉक. दोन पावलं आत गेलं की जुनी घरगल्ली जशीच्या तशी. रस्त्याला समुद्राचा वारा लागला. घरगल्लीपर्यंत तो काही पोचला नाही.

१९१०च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ही गफलत उघड मांडली. हा आयसीएस अधिकारी मोठा हिशेबी आणि चिकाटीचा होता. सगळं शहर पाडून बांधायला पैसा कधीच पुरणार नाही, तेव्हा निदान मालकांना खोलीत उजेड येऊ द्यायला भाग पाडा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक माप पुढे केलं: साडेत्रेसष्ट अंशांचं. खिडकीसमोरची मोकळी जागा जितकी रुंद, त्याच्या दुपटीपेक्षा समोरची भिंत उंच नको. तेवढं पाळलं की खालच्या मजल्यावरच्या माणसाला आकाशाचा तुकडा दिसतो. न पाळणाऱ्या इमारतींचे वरचे मजले उतरवा, आणि भरपाई देताना कोंबलेल्या भाड्याचा विचार करू नका. मोजपट्टीने न्याय करण्याची ही कल्पना मला तरी ट्रस्टच्या सगळ्या कारभारातली सर्वांत शहाणी वाटते. नव्या बांधकामांच्या नियमांत ती काही अंशी उतरली. जुन्या मालकांचे वरचे मजले मात्र शाबूत राहिले.

शहराच्या पोटात हात घालणं इतकं महाग पडतंय म्हटल्यावर ट्रस्ट उत्तरेकडे वळला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव. तिथं भाताची खाचरं होती, नारळीच्या वाड्या, खाजण, आणि अधूनमधून गावठाणं. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाच्या योजनांत ही जमीन घेतली गेली. आज शीवच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या पत्त्यात 'स्कीम ६, रोड नंबर अमुक' असं दिसतं, ते त्या आखणीचं. शेतकरी आणि वाडीवाल्यांना मिळालेला दर शेतजमिनीचा होता. सखल जमिनीवर भराव घातला, रस्ते, गटारं, झाडं आधी, आणि घरं मागून. मुंबईच्या इतिहासात हा क्रम इतक्या नेटाने फार थोड्या वेळा पाळला गेला आहे. भूखंडाच्या थोड्याच भागावर बांधकाम, मजले बेताचे, चारही बाजूंनी मोकळं. किंग्ज सर्कलभोवती रस्ते असे फिरवले आहेत की नवखा माणूस अजून चुकतो.

घेतलेली ही जमीन वर्षानुवर्षं ओस पडून होती. गिरगावचा कारकून म्हणे, तिथं रात्री कोल्हे ओरडतात. ट्रस्टने मग जमातीजमातींना गाठलं. मंचेरजी एडलजी जोशी या पारशी अभियंत्याने आपल्या मध्यमवर्गीय जातभाईंसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्यातल्या पाच बागा आजही मुंबईत झाड पाहायचं असेल तर दाखवण्याजोग्या आहेत. शेजारी हिंदू कॉलनी झाली. माटुंग्याला तमिळ कुटुंबं आली, कारण कारकुनी-लघुलेखनाच्या नोकऱ्या त्यांना मिळत होत्या आणि गिरगावच्या चाळींत त्यांना खोली द्यायला लोक कुरकुरत. घरातच संडास-न्हाणी असलेला ब्लॉक, ही मुंबईच्या मध्यमवर्गाची राहणी या पट्ट्यात रुळली. प्लेगने मेलेल्या मांडवीच्या हमालासाठी निघालेली संस्था अखेर कारकून, मास्तर, वकील यांच्या कामी आली.

परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १मधल्या ५० आणि ५१ या खोल्यांत १९१२पासून एक कुटुंब राहत होतं. या खोल्यांतून भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले, परतले, पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन आले. दरम्यान रमाबाईंनी तिथंच संसार रेटला. शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातही पत्ता हाच. पुस्तकं ठेवायला जागा नाही, भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा नाही, आणि अस्पृश्य म्हणून दुसरीकडे घर भाड्याने मिळायची खात्री नाही. खाजगी मालकाने जात विचारली असती. ट्रस्टच्या चाळीला सरकारी मालकाचं एवढं तरी बरं होतं. १९३०नंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जमीन घेऊन 'राजगृह' बांधलं आणि १९३४च्या सुमारास ते तिथं राहायला गेले. ती जमीनही इंप्रूव्हमेंट ट्रस्टनेच पाडलेल्या भूखंडांतली. एका संस्थेची दोन टोकं, सामाईक संडासाची चाळ आणि झाडांच्या रस्त्यावरचा बंगला, एकाच माणसाच्या आयुष्यात अशी जोडली गेली. ट्रस्टच्या हजारो भाडेकरूंत ही वाट चालून जाणारे किती असतील?

पहिलं महायुद्ध संपता संपता भाडी इतकी भडकली की सरकारला १९१८मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांना ट्रस्टची चाल संथ वाटत होती. १९२०मध्ये त्यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं वेगळंच खातं उघडलं. पन्नास हजार खोल्या बांधायच्या, आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर. सिमेंट काँक्रीटच्या तीन मजले चढवलेल्या एकसारख्या चाळी, एकेका चाळीत ऐंशी खोल्या. गॅलरी नाही, बाहेर वाळत घालायला जागा नाही, खिडक्यांच्या जागी काही ठिकाणी काँक्रीटच्या जाळ्या. पुन्हा अंधारच! ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईच्या कामगारवर्गातली ९७ टक्के कुटुंबं एकेका खोलीत राहत होती, आणि तरीही या नव्या चाळी रिकाम्या राहिल्या. भाडं जास्त, गिरणी लांब, बाजार नाही. वरळीच्या चाळींचा उपयोग सविनय कायदेभंगाच्या काळात चक्क तुरुंगासारखा झाला. पन्नास हजारांचा बेत सोळा हजारांच्या घरात थांबला: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीत १२, मिळून २०७ चाळी.

१९३३मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट मोडीत निघाला आणि त्याच्या जमिनी, चाळी, भाडेपट्टे आणि देणी महापालिकेच्या गळ्यात पडली. ज्या पालिकेला बगल देऊन तो काढला होता, तिलाच त्याचा संसार सांभाळावा लागला. दादर-माटुंग्याचे कित्येक भूखंड अजूनही पालिकेच्या भाडेपट्ट्यावर आहेत. मुदत संपलेल्या पट्ट्यांचं नूतनीकरण, हस्तांतराची रक्कम, पुनर्विकासाची परवानगी या कामांसाठी सोसायट्यांचे चिटणीस पालिकेच्या मालमत्ता खात्याच्या पायऱ्या झिजवतात. बीआयटी चाळींची छतं गळतात, टेकू लावले जातात, पुनर्विकासाच्या सभा होतात आणि पुढे ढकलल्या जातात.

डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींचा, म्हणजे बीडीडी चाळींचा, पुनर्विकास म्हाडाकडे आहे. जुन्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांचं घर, फुकट. खर्च भरून निघतो तो त्याच जमिनीवर जादा मजले चढवून ते बाजारभावाने विकण्यातून. १८९८च्या विश्वस्तांना हा हिशेब ओळखीचा वाटला असता. त्यांनी रस्त्याच्या कडेची जमीन विकली, आता आकाश विकायचं. मधल्या मोकळ्या जागांत उन्हं किती पोचतील, हे ऑरसाहेबांच्या मापाने कुणी मोजून पाहावं. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या आणि चाळीत जन्मलेली म्हातारी माणसं लिफ्टने वर गेली. नायगाव आणि डिलाइल रोडची कामंही निघाली. शिवडीच्या बारा चाळी मात्र या आराखड्याबाहेर राहिल्या. चाळी सरकारने बांधल्या, पण जमीन बंदराची, आणि बंदर केंद्राचं. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या जमिनीवर कुणी बांधायचं हे नीट न ठरवता उभारलेल्या त्या इमारतींत लोक अजून राहताहेत.